निळ्या कोरांटीची साक्ष

मोहाच्या झाडाखाली दीडशे माणसं जमली होती आणि एकही खोकत नव्हतं. मधोमध पाटावर नीलकंठ महाराज बसले होते. अंगावर निळी शाल, पुढ्यात निळ्या कोरांटीच्या फुलांची टोपली आणि मागे उभी केलेली बोलेरोही निळीच. गृहस्थ रंगाच्या बाबतीत फार काटेकोर होते.

"कोरांटी तीन प्रकारची!" महाराजांचा आवाज लागला. "पिवळी माणसांची, पांढरी पितरांची आणि निळी साक्षात देवीची. निळी कधी खोटं बोलत नाही. ज्या बाईनं पाड्याची लेकरं खाल्ली, तिच्या तळहातावर हे फूल रक्त ओकेल!"

मी जळगावला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. याच कोरांटीवर माझी अकरा वर्षं गेली आहेत. शास्त्रात या प्रजातीला बार्लेरिया म्हणतात आणि तिच्यातल्या जाती रंगावरून ठरत नाहीत. काटे बघावे लागतात, फुलाखालची छदं, म्हणजे चिमुकली पानं, बघावी लागतात, बी बघावं लागतं. पिवळी काटेरी कोरांटी ही वेगळी जात, हे खरं. पण निळी आणि पांढरी एकाच जातीची; एका झुडपाच्या बियांतून दोन्ही रंग उगवलेले मी स्वतः पाहिलेत. महाराजांनी माझ्या अकरा वर्षांचा निकाल तीन वाक्यांत लावला होता, आणि माणसं माना डोलवत होती. माझ्या वर्गात इतक्या माना कधी डोलल्या नाहीत.

पाड्याचं नाव मी सांगणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, एवढंच पुरे. दिवाळीनंतर तिथली दोन मुलं तापानं गेली. त्यांतला एक दिवल्याआबांचा नातू. आबांचा शब्द पाड्यात चालतो, आणि त्या दिवसापासून आबा बोलेनासे झाले होते. दुःखाला कुणीतरी गुन्हेगार हवा होता. लखन नावाच्या माणसानं महाराजांना बोलावून आणलं. चमेलीबाई ही त्याची विधवा भावजय. तिच्या नावावर वनहक्काची दोन एकर जमीन आणि चार मोहाची झाडं. तिची मुलगी सोनल माझ्या वर्गात दुसऱ्या वर्षाला. आदल्या दिवशी सोनलचा फोन आला, "मॅडम, आईला उद्या उभी करणार आहेत. डाकीण ठरली तर तिला पाड्यात राहू देणार नाहीत." म्हणून आम्ही दोघी पहाटेची एसटी धरून आलो होतो.

बायकांची रांग लागली. महाराजांच्या चेल्यानं प्रत्येकीचे हात चुलीच्या राखेनं चोळून घेतले. ही म्हणे शुद्धी. मग ओल्या तळहातावर फूल चुरगळायचं. एकीच्या हातावर हिरवट, दुसरीच्याही हिरवट. "देवी प्रसन्न!" महाराज ओरडायचे आणि बाई सुटकेनं रडायची.

चमेलीबाईला लखननं सरळ अंगणातून उठवून आणलं. तिथं ती सकाळपासून आवळे ठेचत बसली होती. थंडीत पाड्यावरच्या बायका जंगलातून आवळे आणतात, ठेचून बी काढतात, फोडी वाळवून बाजारात विकतात. तिची बोटं आवळ्यानं काळी पडली होती आणि तळहातावरून रस निथळत होता.

"हात तं धोवू द्या," ती म्हणाली.

"नको!" महाराज म्हणाले. "देवीला ही बाई आहे तशीच हवी."

फूल चुरगळलं. निळ्याचं जांभळं झालं, जांभळ्याचं लालभडक. दीडशे माणसं एकदम मागे सरली. एका बाईनं कडेवरच्या मुलाचे डोळे झाकले. चमेलीबाई आपल्याच हाताकडे अशी बघत राहिली, की क्षणभर तिलाही ते खरं वाटलं असावं. ते तोंड मला विसरता येत नाही.

मी उठणार तोच सोनल पुढे झाली. तिनं टोपलीतून मूठभर फुलं उचलली आणि लखनचा हात धरला. त्याला कळायच्या आत तिनं त्याच्या तळव्यावर आईच्या ओटीतला आवळा पिळला आणि वर फूल चोळलं. लाल.

"काका, मंग तू बी डाकीण का?"

कुणीतरी फिसकन हसलं. सोनलनं आईचे हात राखेनं धुतले आणि नवं फूल चुरगळलं. हिरवं! मग ती सगळ्यांना समजेल असं सांगू लागली. निळ्या फुलाच्या रसाला आंबट लागलं की तो लाल होतो, राख लागली की हिरवा. यात देवी नाही, डाकीण नाही. आवळ्याच्या जागी लिंबू घ्या, चिंच घ्या, तेच होईल. पोरं पुढे धावली. पाच मिनिटांत निम्म्या पाड्याचे हात लाल-हिरवे झाले. महाराजांनी शाल आवरली आणि बोलेरो गाठली. देवीला अचानक दुसरीकडे काम निघालं असावं.

आपण जिंकलो, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

तेव्हा दिवल्याआबा उठले. कितीतरी दिवसांनी ते बोलत होते.

"मॅडम, बठ्ठं समजनं. हात आंबट तं फूल लाल. मंग मना नातू कसाले मरना?"

"तापानं, आबा. विहिरीचं पाणी तपासायला हवं."

"ते पानी बठ्ठा पाडा पेस. मंग तोच कसाले?"

पाणी सगळा पाडा पीत होता आणि गेली होती दोनच लेकरं. ज्याचं लेकरू गेलं त्याला 'योगायोग' हा शब्द देता येत नाही. तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला.

"मायनी पोरले बी शिकाडं. दखा ना, हातमा फूल लिधं का रंग बदलस."

आईनं डाकीणविद्या पोरीलाही शिकवली, असं ठरलं आणि मघाशी हसणारी माणसं पुन्हा मागे सरली. या वेळी सोनलपासून.

निघताना मी लखनला गाठलं. "तुझ्या महाराजाला हे शिकवलं कुणी?"

तो माझ्याकडे सरळ बघत म्हणाला, "तुम्हीच तं दखाडं व्हतं, मॅडम. आश्रमशाळाना ओटावर. मी तठेच व्हतू."

त्याआधीच्या डिसेंबरातली आमची सहल. जीप चालवायला हाच होता. मी आश्रमशाळेच्या मुलांना निळी कोरांटी, लिंबू आणि राख घेऊन रंगांचा खेळ दाखवला होता. टाळ्या पडल्या होत्या. का होतं ते सांगायला गेले तेव्हा जेवणाची घंटा झाली, आणि मी हसून म्हणाले होते, पुढच्या वेळी सांगते.

पुढे तक्रार झाली, जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, महाराज जामिनावर सुटले. ऐकते की आता शाल भगवी आहे. चमेलीबाईला कुणी पाड्यातून हाकललं नाही. फक्त तिच्या हातचं पाणी घेणं बंद झालं, पोरं तिच्या अंगणावरून जाईनाशी झाली, आणि एका सकाळी तिनं स्वतःच बोचकं बांधलं. जमीन लखन कसतो. ती सावद्याला केळी भरायला जाते. सोनल कॉलेज सोडून तिच्यासोबत.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटले. केळीच्या चिकानं चमेलीबाईची बोटं पुन्हा काळी झाली होती. तिनं हात पदराखाली घेतले आणि हळूच विचारलं, "मॅडम, केळीना चीकमा ते फूल कोनता रंग देस?"

मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

आमच्या कॉलेजच्या संग्रहात वाळवलेल्या वनस्पतींचे कागद आहेत. पूर्वी कुणीतरी पांढऱ्या कोरांटीला वेगळी जात समजून तिच्या कागदावर चुकीचं नाव लिहून ठेवलंय. मी खरं नाव लिहून दुरुस्तीची चिठ्ठी शेजारी चिकटवली. आमचा नियम असा, की चूक ठरली तरी पहिली चिठ्ठी फाडायची नाही. झाडाचं त्यात काही बिघडत नाही. पण बाईच्या अंगावरची पहिली चिठ्ठीच लोक वाचतात, आणि शेजारी कितीही दुरुस्त्या लावल्या तरी ती निघत नाही.

म्हणून एकच सांगणं आहे. कुणाच्या हातावर चमत्कार दिसला तर त्या माणसाला नाव देण्याआधी तेच फूल आपल्या हातावर चुरगळून बघा. आणि माझ्यासारखं कुणाला रंग दाखवलात, तर का ते सांगितल्याशिवाय उठू नका. घंटा झाली तरी.