झोळीत राहिलेली लेक

मी कापूस वेचायची झोळी बोलतेय. जरा हळू बोला हं, मी लवकर दचकते.

मुकुटबनजवळच्या तांड्यात संगीतानं मला जुन्या लुगड्यातून शिवलं. वेचणीत दिवसभर मी तिच्या कमरेला. कापसानं झोळ्या फुगल्या की सगळ्याच बाया गरोदर दिसायच्या. "कितवा महिना वं?" "नववा! सांजेले मोकळी होतो."

त्या हसण्यात तिचं खरं पोट लपलं. दोन लेकरांवर तिचं मूल बंद करायचं ऑपरेशन झालेलं; ते फसलंय हे कोणाच्या मनातही नव्हतं. पाळी थांबली तर तिला वाटलं, अंगातलं रक्त कमी झालं. आत हललं की म्हणायची, "वायगोळा उठून राह्यला." मला मात्र लाथ लागायची. मी शहारायचे. पण कापडाला कोण विचारतं?

शेवटच्या वेचणीला ती बांधावर कळवळत बसली, अन् पोर झाली. सासूनं, मानीबाईनं, माझ्यातला कापूस ओतून पोरीला माझ्यातच गुंडाळलं. संगीतानं पोरीकडे बोट दाखवलं.

"हे कोणाचं वं?"

बाया हसल्या. ती थट्टा करत नव्हती.

घरी मला आढ्याला टांगलं. संगीता पाजायची, पण भिंतीकडे पाहत, अन् पाजलं की लगेच माझ्यात ठेवायची. मोठ्या दोघांशी संगीता, ते पोटात असल्यापासून बोलली होती. हिच्यासाठी एक शब्द साठलेला नव्हता. वर मानीबाईचा टोमणा, "ऑपरेशन झाल्यावर लेकरं होतात का कोठं?" मग तर ती पोरीच्या तोंडाकडेच बघेना.

पोर आधी खूप रडली. मग थांबली. "मोठी शहाणी हाये, हूं का चूं नाही," मानीबाई कौतुकानं सांगायची.

तांड्यातल्या आशा सेविका विमलताई आल्या, पोरीशी वाकून बोबडं बोलल्या. पोर आढ्याकडेच बघत राहिली. "आठ महिन्यांची झाली, हसत कशी नाही? संगीता, उचलत जा वं तिले. अन् तुलेबी डॉक्टरले दाखवू. हे मनाचं दुखणं हाये."

काल संगीतानं धीर केला. पोरीला छातीशी धरलं. "मी तुही याडी होय वं, तुही माय." पोर लाकडासारखी ताठ झाली. मान वळवून तिनं हात पुढे केले, माझ्याकडे.

"पाह्यलं तुमी?" संगीता सासूला म्हणाली. "तिले मी नाही पाहिजे." अन् तिला परत माझ्यात ठेवलं. पोरीनं माझी कड मुठीत धरली, डोळे मिटले.

मला ऊब नाही हो, जी आहे ती तिच्याच अंगाची. हाक मारायला तोंड नाही. बायांनो, संगीताला सांगा, उद्याही उचल, परवाही उचल. या पोरीनं ज्याला माय मानलंय, ते कापड विरत चाललंय.