तिसरी एमा

रविवारची संध्याकाळ झाली की लार्च बँक वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात खुर्च्यांवरून तंटा सुरू व्हायचा. एरवी जेवणानंतर आपापल्या खोलीत जाऊन डुलक्या काढणारी मंडळी त्या दिवशी केस विंचरून, चष्मे पुसून टीव्हीसमोर हजर. मालिका होती जुन्या काळातल्या एका मोठ्या घराण्याची. वरच्या मजल्यावर सरदार आणि त्यांच्या मुली, खाली तळघरात स्वयंपाकीण, खानसामा आणि मोलकरणी. इंग्लंडातल्या सगळ्या डार्बीशर परगण्याला तिचं वेड लागलं होतं, मग लार्च बँक तरी कशी मागे राहणार?

"आज तो खानसामा मरतोय बघा," क्लिफर्ड म्हणायचा. हा क्लिफर्ड सारा जन्म खाणीत राबलेला, आणि त्याची जीभ अजून कुदळीसारखीच चालायची. "गेल्या खेपेला खोकला होता. टीव्हीत खोकला आला की माणूस गेलाच. इथे आपण सगळे वर्षभर खोकतोय, पण कुणी हलत नाही!"

सगळे हसायचे. हसायची नाही ती हेस्टर.

हेस्टर खिडकीजवळच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसायची. बारीक, ताठ कण्याची म्हातारी. चाळीसेक वर्षं तिनं गावच्या शाळेत लहान मुलांना अक्षरं शिकवली होती. तिच्या वर्गात किती दंगा झाला तरी एक शिक्षा कुणाला कधी झाली नाही. भिंतीकडे तोंड करून उभं राहण्याची. एका नव्या शिक्षिकेनं एकदा एका पोरीला तसं कोपऱ्यात उभं केलं, तेव्हा हेस्टरनं त्या पोरीला खांद्याला धरून वळवलं आणि शिक्षिकेला म्हणाली, "रागवायचं तर तिच्या तोंडाकडे बघून रागवा." असं का, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

मालिका सुरू झाली की दिवाणखान्यात खरा आवाज एकाच बाईचा. ती म्हणजे लेडी म्यूरियल. हार्कस्टोन हॉल नावाच्या वाड्याची एके काळची मालकीण. हॉल विकला गेला, नवरा गेला, मुलगा कॅनडात. त्या शरद ऋतूत ती चाकाच्या खुर्चीत बसून लार्च बँकेत आली आणि पहिल्याच रविवारी टीव्हीच्या बरोबर समोरची जागा तिला आपोआप मिळाली. कुणी दिली नाही, पण कुणी अडवलीही नाही. जुन्या सवयी, दुसरं काय.

"छे, चमचे असे मांडत नाहीत," ती म्हणायची. "आणि आमच्याकडे असा आरडाओरडा कधीच नव्हता. नोकरमाणसं म्हणजे घरचीच माणसं. आम्ही त्यांच्यावर जीव टाकायचो."

"घरचीच? मग पंगतीला बसायची का हो, राणीसरकार?" क्लिफर्ड विचारायचा.

"तुम्हाला नाही कळायचं ते," लेडी म्यूरियल हसून म्हणायची. आणि बाकीच्या बायका माना डोलवायच्या. "खरंय बाई, काय दिवस होते!"

हेस्टरच्या सुया तेवढ्यापुरत्या थांबायच्या.

तिनं तो आवाज पहिल्याच दिवशी ओळखला होता. पण म्यूरियलनं तिला ओळखलं नव्हतं, आणि ओळखणार तरी कशी? हार्कस्टोनचा नियमच होता: वरच्या मजल्यावर साफसफाई करताना मालक माणसं समोर आली की मोलकरणीनं हातातलं काम थांबवायचं, भिंतीकडे तोंड करायचं, हनुवटी खाली घ्यायची आणि ती पुढे जाईपर्यंत हलायचं नाही. दुसरं महायुद्ध संपलं होतं, इतर घरांनी असल्या गोष्टी केव्हाच सोडल्या होत्या, पण थोरल्या सरदारीणबाईंनी घालून दिलेली रीत धाकट्या सुनेनं तशीच चालू ठेवली. ही धाकटी सून म्हणजे म्यूरियल. तेव्हा ती तरुण होती आणि हेस्टर पंधरा वर्षांची. भिंतीशी उभ्या असलेल्या पोरीजवळून जाताना म्यूरियल चाल न मोडता म्हणायची, "चालू दे, एमा." ती पुढे गेली की पोरगी पुन्हा फडकं उचलायची.

पोरी तीन होत्या. तिघींनाही एमाच म्हणायचं. फार पूर्वी एक खरीखुरी एमा कामाला होती. ती गेल्यावर नवीन नाव पाठ करायचा त्रास कुणी घेतला नाही. हेस्टर तिसरी एमा.

आणि मग ती सकाळ. धाकटा भाऊ धावत मागच्या दाराशी आला. आईनं डोळे फिरवलेत, ती हेस्टरचं नाव घेतेय. नोकरमाणसांची मुख्य बाई म्हणाली, "परवानगी बाईसाहेबांचीच लागेल. विचारल्याशिवाय गेलीस तर काम जाईल, आणि तुमचं घरही इस्टेटीचंच आहे, विसरू नकोस." म्हणून हेस्टर वरच्या जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. म्यूरियल आली. हेस्टरनं तोंड फिरवलं नाही. तिनं त्या गोऱ्या, सुंदर चेहऱ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "बाईसाहेब..."

पुढचं तोंडातच राहिलं. म्यूरियल थांबली, तिच्या डोक्यावरून कुठेतरी बघत म्हणाली, "भिंत त्या बाजूला आहे, एमा." आणि निघून गेली.

मुख्य बाई घाबरली. आता रविवारपर्यंत शब्द काढू नकोस म्हणाली. रविवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळायची. त्या सुट्टीत हेस्टर पळत घरी पोचली तेव्हा आईला आदल्या दिवशीच पुरलं होतं. चर्चच्या आवारात ओल्या मातीवर कुणीतरी जॅमच्या बाटलीत फुलं ठेवली होती.

एवढ्या वर्षांत हेस्टरनं जिन्यापाशी राहून गेलेलं ते वाक्य गिळलं नव्हतं. ते गालात धरून ठेवलं होतं, एखाद्या खड्यासारखं.

मालिकेचा शेवटचा भाग आला तेव्हा गावच्या रेडिओवरची एक मुलगी माइक घेऊन लार्च बँकेत दाखल झाली. खरीखुरी सरदारीण ही मालिका बघताना काय म्हणते, ते लोकांना ऐकवायचं होतं. लेडी म्यूरियलनं मोत्यांची माळ घातली. दानूता नावाच्या पोलिश परिचारिकेनं तिचे केस सारखे केले.

त्या भागात एक गोष्ट अशी आली की हेस्टरच्या हातातली सुई निसटली. पडद्यावर लांबलचक बोळ. एक मोलकरीण झाडू घेऊन उभी. पायरव ऐकून ती गर्रकन भिंतीकडे वळते.

"अगंबाई!" कुणीतरी म्हणालं. "असं करायचे?"

"खोटं!" लेडी म्यूरियल म्हणाली. रेडिओवाल्या मुलीनं माइक पुढे सरकवला. "हे सगळं हल्लीच्या लेखकांचं. आम्हाला राक्षस दाखवल्याशिवाय त्यांचं भागत नाही. आमच्या घरात एकाही मुलीला असं उभं राहावं लागलं नाही. मी शपथेवर सांगते."

"शपथेवर?" क्लिफर्ड म्हणाला. "जपून हो, राणीसरकार. या वयात शपथा लगेच लागतात."

हेस्टरनं विणकाम खाली ठेवलं. खोटं बोलणाऱ्या पोराला खोटारडा म्हणून काही होत नाही, हे ती शाळेत शिकली होती. त्याला त्याच जागी पुन्हा नेऊन उभं करावं लागतं.

मालिका संपली. दानूता लेडी म्यूरियलची खुर्ची ढकलत बोळातून तिच्या खोलीकडे निघाली. रेडिओवाली मुलगी माइक धरून शेजारी चालत होती, म्यूरियलचं बोलणं चालूच होतं. क्लिफर्ड काठी टेकत मागून येत होता.

बोळाच्या मधोमध हेस्टर उभी होती. हातात चहाचा ट्रे. तोंड भिंतीकडे, हनुवटी खाली, टाचा जुळवलेल्या. नाकासमोर वॉलपेपरचं एक पिवळं फूल. खुर्चीच्या चाकांचा आवाज जवळ आला. पंधरा वर्षांची असताना छाती जशी धडधडायची तशीच आताही धडधडत होती. फरक एवढाच की तेव्हा ती भीती होती.

"...आणि नाताळला तर प्रत्येक मुलीला कापड द्यायचो," म्यूरियल सांगत होती, "चालू दे, एमा, आणि माझे सासरे स्वतः त्यांच्याबरोबर नाचायचे..."

चाकं थांबली. दानूतानंच थांबवली होती.

"एमा कोण?" दानूतानं विचारलं. "आपल्याकडे एमा कुणीच नाही."

रेडिओवाल्या मुलीचा माइक हवेत तसाच राहिला, त्याचा लाल दिवा जळत होता. मग क्लिफर्ड मागून खो-खो हसत सुटला. "शपथेवर!" तो म्हणाला. "शपथेवर, राणीसरकार!"

म्यूरियलचा चेहरा आधी कोरा, मग राखेसारखा झाला. "वळ," ती पुटपुटली. "मागे वळ."

हेस्टर सावकाश वळली.

म्यूरियलनं तिला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. कित्येक आठवडे समोर बसून जेवलेली ही बाई. "तू... कोणती एमा?"

"तिसरी," हेस्टर म्हणाली.

"जिन्याजवळची?" आवाज एकदम बारीक झाला. "एकदाच एका मुलीनं माझ्याकडे सरळ बघितलं होतं. ती तूच ना? काहीतरी म्हणणार होतीस. काय म्हणणार होतीस गं?"

हेस्टरच्या जिभेवर सगळं तयार होतं. इतकी वर्षं घासून घासून गुळगुळीत झालेलं. माइक समोर होता, माणसं समोर होती. पण तिला त्या क्षणी आणखी चांगलं काहीतरी सुचलं.

"पुढच्या रविवारी सांगेन," ती म्हणाली. "मला अर्धी सुट्टी रविवारी असते."

पुढचा आठवडा सगळ्या गावानं रेडिओवर ते "चालू दे, एमा" ऐकलं आणि पोटभर हसून घेतलं. दिवाणखान्यातल्या बायकांनी लेडी म्यूरियलची समोरची जागा काही न बोलता आपसात वाटून टाकली. पण हेस्टरला त्याचं विशेष वाटलं नाही. तिची मजा वेगळीच होती. न्याहारीला म्यूरियल टोस्ट तसाच ठेवून विचारायची, "पगाराचं काही होतं का?"

"रविवारी," हेस्टर म्हणायची, आणि आपल्या टोस्टवर मुरंबा लावायची.

"काही फुटलं होतं? ती निळी फुलदाणी? अगं, मी तेव्हाच माफ केलं असतं."

"रविवारी."

"कुणी पुरुष होता का? कुणी त्रास देत होतं? माझे दीर..."

"बाईसाहेब, रविवारी."

दिवसागणिक म्यूरियलचे डोळे आत जात चालले. तिला झोप लागत नव्हती, असं दानूता म्हणाली. "हेस्टर, सांगून टाका ना. म्हातारी आहे ती. रविवार उजाडायच्या आत काही झालं तर?"

"तर काय?" हेस्टर म्हणाली. "रविवार उजाडायच्या आत काही काही होऊन जातं, हे मला ठाऊक आहे."

दानूतानं तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा विषय काढला नाही.

रविवार उजाडला. हेस्टरनं चर्चला घालायचा कोट चढवला, टोपी घातली, बागेतली शेवंतीची चार फुलं कागदात गुंडाळली. म्यूरियल सकाळपासून दाराशी खुर्ची लावून बसली होती. मोती नाहीत, केस विंचरलेले नाहीत.

"आज रविवार आहे," ती म्हणाली.

"हो. म्हणून तर निघालेय."

"तू शब्द दिला होतास."

हेस्टर तिच्यासमोर उभी राहिली. हातमोजे घालत, एकेक बोट सारखं करत, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं अशा स्पष्ट आवाजात म्हणाली, "माझी आई मरायला टेकली होती. घरी जाऊ का, एवढंच विचारायचं होतं."

म्यूरियलचे ओठ हलले. मग तिनं हेस्टरच्या कोटाची बाही धरली. "पण मी जा म्हटलं असतं! देवाशपथ, लगेच जा म्हटलं असतं. गाडी दिली असती. तू बोलली का नाहीस गं?"

हा घाव हेस्टरनं मोजला नव्हता. इतकी वर्षं ती धरून चालली होती की ही बाई नाहीच म्हणाली असती. नाही म्हणणाऱ्या दगडावर राग धरायला सोपं जातं. आणि आता कळत होतं की आई आणि तिच्यामध्ये फक्त एक वाक्य होतं, आणि ते ऐकून घ्यायला लागला असता तो एक श्वास.

तिनं बाही हळूच सोडवून घेतली.

"मी बोलले होते," ती म्हणाली. "तुम्ही मला भिंत दाखवलीत."

"जा," म्यूरियल रडत म्हणाली. "आता म्हणते. जा, एमा... जा, हेस्टर. जा."

"मी विचारलेलं नाही," हेस्टर म्हणाली, आणि दार उघडून बाहेर पडली.

बसथांबा रस्त्यापलीकडेच होता. वारा गार होता, फुलांचा कागद फडफडत होता. समोर लार्च बँकेच्या मोठ्या खिडकीत चाकाची खुर्ची येऊन थांबलेली दिसली. म्यूरियलनं काचेवर हात टेकला. बहुधा क्षमा मागत असावी, किंवा नुसताच टेकला असेल.

हेस्टरनं हात हलवला नाही. मानही फिरवली नाही. ताठ उभी राहून ती त्या चेहऱ्याकडे बघत राहिली, जिन्यापाशी बघितलं होतं तसंच, सरळ, पापणी न हलवता. बस वळणावर दिसली तरी बघत राहिली.

अखेर खिडकीतली खुर्ची हलली. म्यूरियलनं चाकं फिरवली, एकदा, दोनदा, आणि तिची पाठ काचेकडे झाली.

बसचं दार उघडलं. हेस्टर चढली आणि चर्चच्या थांब्याचं तिकीट मागितलं.