जाळीचा अर्ज

वाचकहो, एकाच माणसाच्या दोन खिशांना दोन नावं दिली की काय होतं, ते या खोक्यांच्या कारखान्यात पाहा. मालकाच्या कंपन्या दोन. मोठीच्या नावावर इमारत आणि यंत्रं. काम काडीचं नाही. धाकटी खोकी बनवी, कामगारांना पगार देई आणि यंत्रांचं भाडं मोठीला भरी. भाडं असं बेतलेलं की नफा मोठीच्या घरात आणि तोटा धाकटीच्या पदरात!

दोघींच्या वह्या लिहायला हिशेबनीस मात्र एकच. टेबलावर दोन ट्रे, डावा मोठीचा, उजवा धाकटीचा. मोठीच्या वतीने पत्र लिहायचं, धाकटीच्या वतीने पोच द्यायची, आणि खाली दोन्हीकडे 'आपला विश्वासू' म्हणून सही ठोकायची. त्याला याचा केवढा अभिमान!

कापणीच्या यंत्रात एका कामगाराची तीन बोटं गेली. चौथ्या दिवशी त्याची बायको टेबलापुढे उभी राहिली.

"भाऊसाहेब, दवाखान्याचं बिल कोण भरणार?"

"वहिनी, धाकटी तोट्यात आहे. देणार कुठून?"

"मग मोठीनं द्यावं. यंत्र तिचंच ना?"

"यंत्र तिचं. माणूस तिचा नाही."

"वा! म्हणजे लोखंडाला मालक आहे, हाडामांसाला नाही."

हिशेबनीस हसला. "कायद्याच्या गोष्टी आहेत. तुम्हाला नाही कळायच्या."

"नसतील कळत. पात्यावरची जाळी तुटलीय म्हणून ह्यांनी चार महिन्यांपूर्वी अर्ज दिला होता. तो कुणी अडवला, तेवढं सांगा."

बाईचं तोंड बंद करावं म्हणून त्याने अर्ज शोधून काढला. त्यावर शेरे होते. 'यंत्र मोठीचे, अर्ज तिकडे पाठवावा.' 'वापर धाकटीचा, परत.' पुन्हा तिकडे, पुन्हा परत. सात शेरे! आणि जाळीचा खर्च मालकाच्या एका जेवणाएवढा.

बाईने कागद निरखला. "मला वाचता येत नाही फारसं. पण अक्षर एकाच हाताचं दिसतंय. कुणाचं हो?"

हिशेबनिसाने सातही शेऱ्यांवरून बोट फिरवलं.

"माझं, वहिनी."

"म्हणजे चार महिने तुम्ही स्वतःशीच भांडत बसलात. आणि बोटं तोडून घेतली आमच्या माणसानं!"

हिशेबनीस अर्ज घेऊन मालकाकडे गेला. मालकाने मान वर न करताच सांगितलं, "फाडून टाका."

"नाही!" पंचवीस वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाला.

"बरं. मग उद्यापासून येऊ नका."

"माझी ग्रॅच्युइटी?"

"तुमचा पगार धाकटीतून ना? तिच्या तिजोरीत काही सापडलं तर घ्या. तिचा खडखडाट तुम्हीच लिहून ठेवलाय, आणि काय सुरेख लिहिलाय!"

दुसऱ्या दिवशी हिशेबनीस सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या दाराशी बाईच्या शेजारी बसला. अर्ज आणि दोन्ही वह्यांच्या नकला मांडीवर होत्या.

"तुम्ही कोण यांचे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"साक्षीदार," तो म्हणाला. "आणि गुन्हेगारही. आधी ते लिहून घ्या."

मित्रहो, कागदावर कंपन्या हव्या तेवढ्या काढा. जखम एकालाच होते. 'हे आमच्याकडे येत नाही' असं लिहून कागद पुढे ढकलणारा प्रत्येक हात त्या पात्याला धार लावत असतो. आपली सही कुठे आहे, ते आजच तपासा. पश्चात्तापाने माणूस सुधारतो, बोटं उगवत नाहीत.