रंगाऱ्याची निळी रेघ

"अजून खाली घे रे! खिडकीला चिकटतेय!" इस्त्रीवाल्या काकू रंगाऱ्यावर ओरडल्या.

पूर नुकताच ओसरला होता. पूर म्हणजे कसला! माझं शिलाई मशीन गल्लीतनं पोहत गेलं आणि चौकात वळताना त्यानं हात दाखवला. खोटं वाटत असेल तर काकूंना विचारा. पाहणीला आलेल्या सरकारी साहेबांनी गल्लीतल्याच रंगाऱ्याला काम दिलं होतं: पाणी जिथवर चढलं तिथं प्रत्येक घराच्या आतल्या भिंतीवर निळी रेघ मारायची. रेघ खिडकीच्या वर गेली, की घर पाडून माणसं टेकडीवरच्या नव्या वस्तीत. खाली राहिली, तर इथंच दुरुस्ती आणि नदीला बांध.

टेकडीवर माझ्याकडे कपडे शिवायला कोण, वारा येणार? म्हणून आम्ही खिडकीच्या वरचे चिखलाचे डाग घासून काढले. रंगारी रेघ उमटवायचं, निळीत भिजवलेलं सूत आम्ही म्हणू तिथं मुकाट धरायचा.

मुकाट, तेच खुपलं. "हा एवढा गरीब गाय कधीपासून झाला?" मी काकूंच्या कानाला लागलो. काकू त्याच्या घरात डोकावून आल्या त्या तणतणतच.

"मेल्यानं स्वतःची रेघ छताशी मारलीय! टेकडीवरचं कोपऱ्याचं घर पटकावलं यानं!"

झालं. अख्खी गल्ली त्याच्या दारात.

"आम्हाला खाली आणि स्वतः वर? कुणी फितवलं तुला?" मी गरजलो.

"शिंपीदादा, आत या."

छताच्या जरा खाली भिंतीवर चिखलाचा पंजा उमटला होता. लहानसा, बाईचा, बोटं पसरलेली. रेघ बोटांच्या टोकांना लागून गेली होती. त्याची आई पुरात गेली हे ठाऊक होतं. कशी, ते कुणी विचारलं नव्हतं.

"कपाटावर चढली होती," तो म्हणाला. "तुमच्याकडे तुम्ही सांगाल तिथं सूत धरलं. इथं कसं खाली धरू? खिडकीएवढ्या पाण्यात बुडाली म्हणतील तिला."

काकू आधी बाहेर पडल्या. मग मी.

गल्ली राहिली. बांधही झाला, माझा भरवसा नाही, रोज लाथ मारून बघतो. रंगारी एकटाच टेकडीवर गेला.

पाडणारे आले तेव्हा मी त्याच्या घरात डोकावलो. जाण्याआधी त्यानं आतून नवा पांढरा रंग दिला होता. भिंत लख्ख होती. फक्त पंजाएवढी जागा सोडलेली, कडा नीट सांभाळून.