दोनशे चौदा नंबरचा फोटो

एवेलिओच्या दाराला दोन कुलपं आहेत. दोन्हींच्या किल्ल्या एकाच जुडग्यात, आणि जुडगा दाराबाहेरच्या कुंडीखाली. कोणी विचारलं तर म्हणतो, "एक फुटलं तर दुसरं आहे ना!" घरातल्या फोटोंचा बंदोबस्तही त्याने ह्याच अकलेने केला होता.

मी त्याचा शेजारी, शिवाय त्याच्या मुलीचा धर्मबाप, म्हणून त्याचा कोम्पाद्रे. साखर कारखान्याच्या भांडारात मी एकतीस वर्षं काढली. कारखाना बंद पडला, मोजायची खोड तेवढी राहिली. बारा वर्षांपूर्वी त्याच्या मुलीला, लिसांद्राला, पंधरावं लागलं, तेव्हा आमच्या क्यूबातल्या सिएनफुएगोस शहराच्या रीतीप्रमाणे दोन दिवस फोटो काढणं चाललं होतं. पाच झगे, तीन केशरचना, भाड्याची गुलाबी उघडी गाडी आणि शेवटी धक्क्यावर उभं राहून समुद्राकडे उगाच बघणं. फोटोवाल्याने सीडी दिली. तीत तीनशे बारा फोटो. मुलगी त्यातल्या दोनशे अठ्ठ्याण्णव फोटोंत होती आणि बाप दोनशे तीनमध्ये. कुठे कोपर, कुठे टक्कल, कुठे नुसतीच सावली, पण होता.

सीडी मिळाली त्याच रविवारी त्याने मला बोलावून आपली व्यवस्था दाखवली. "बघ. एक प्रत सी ड्राइव्हवर, दुसरी डी ड्राइव्हवर, तिसरी ह्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर. वादळ येऊ दे, नाहीतर भूकंप."

"पण सी आणि डी एकाच डब्यात आहेत ना?"

"कोम्पाद्रे, तू पोती मोज."

सीडीचं काम संपलं म्हणून त्याने ती पेरूच्या झाडाला टांगली, पाखरांनी घाबरावं म्हणून. पाखरं तिच्यात बघून पिसं सारखी करायला लागली.

तिसऱ्या प्रतीची गोष्ट आणखी न्यारी. ती हार्ड डिस्क दर सोमवारी ओस्मेलकडे जायची. ओस्मेल म्हणजे आमचा गाठोडंवाला. सायकलवरून घरोघरच्या डिस्का गोळा करायच्या, त्यांत आठवड्याचं गाठोडं, म्हणजे मालिका, सिनेमे आणि गाणी, भरायचं आणि मंगळवारी परत करायच्या, हा त्याचा धंदा. म्हणजे एवेलिओची तिजोरी दर आठवड्याला एक रात्र बाजारात झोपायची. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "ओस्मेल प्रामाणिक आहे." होता, त्यात शंका नाही. प्रामाणिकपणाने त्याने जे केलं ते पुढे येईलच.

ह्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या टॅम्पाहून लिसांद्राचा फोन आला. तिला मुलगी झाली होती. आजीचं नाव ठेवलं, एदेल्मिरा. "मम्मी, आजीचा एक फोटो पाठव, पाळण्यावर लावायला. पण तो हसरा."

हसरा फोटो एकच होता. एदेल्मिराबाई दोनच ठिकाणी फोटोला बसल्या, ओळखपत्रासाठी आणि नातीच्या पंधराव्याला, आणि दोन्हीकडे चेहरा सारखाच, मालात खोट निघाल्यासारखा. जावयाशी त्या सोळा वर्षं थेट बोलल्या नाहीत. तो समोर बसलेला असताना मुलीला सांगायच्या, "त्याला म्हणावं, मीठ दे." हसल्या त्या एकदाच, आणि तेवढ्यात फोटोवाल्याचं बोट पडलं. नंबर दोनशे चौदा. त्याच वर्षी डिसेंबरात बाई गेल्या.

त्या का हसल्या, तेही सांगतो. धक्क्यावर ऊन परतवायला चकचकीत पत्रा धरायचा होता. फोटोवाल्याचा माणूस होता, पण एवेलिओ म्हणाला, माझ्या मुलीवरचं ऊन मीच धरणार. दोन्ही हात वर करून उभा राहिला. वारा सुटला, आणि पँट खाली आली, पार घोट्यांपर्यंत. हात सोडले तर पत्रा उडणार, म्हणून हा सद्गृहस्थ पत्रा घेऊन तसाच उभा. मागे वेताच्या खुर्चीत एदेल्मिराबाई. कवळी काढून ठेवलेली, तोंड उघडं, आणि हातातला पंखा नेमका जावयाकडे रोखलेला.

"माझ्याकडे आहे," एवेलिओची बायको दिग्ना फोनवर मुलीला म्हणाली. "तुझ्या बापाने तीन ठिकाणी ठेवलाय."

त्याच आठवड्यात गुरुवारी वीज गेली, आणि चार तासांनी आली ती अंगात आल्यासारखी. फ्रीज थरथरला, पंख्याने एक गिरकी घेतली आणि एवेलिओच्या कॉम्प्युटरमधून कांदा करपल्यासारखा वास आला. दुरुस्तीवाल्याने डबा उघडला, बघितलं आणि परत झाकला.

"सी गेला," तो म्हणाला.

"हरकत नाही, डी आहे," एवेलिओ म्हणाला.

दुरुस्तीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी आपला पोती मोजणारा माणूस.

राहिली हार्ड डिस्क. ती उघडली तर आत तुर्की मालिका, एकशे वीस भाग. बाकी काही नाही. ओस्मेलला बोलावणं गेलं.

"एवेलिओ, हे बघ," सायकल भिंतीला टेकवत तो म्हणाला, "मागल्या महिन्यात मी ह्याच दारात उभा होतो. म्हटलं, सगळे भाग मावत नाहीत. तू काय म्हणालास?"

"काय म्हणालो?"

"म्हणालास, शेवट कळल्याशिवाय बायको घरात राहू देणार नाही. जागा कर. मी जागा केली."

"मी?" दिग्ना आतून आली. "माझ्या नावावर? मी ती मालिका सहाव्या भागात सोडली. रोज संध्याकाळी नाक पुसत कोण बसायचं?"

एवेलिओ पेरूच्या झाडाकडे बघायला लागला. मीही बघितलं. सीडीची चांदी बारा वर्षांच्या उन्हापावसात उडून गेली होती. तिच्यातून पलीकडचा पेरू दिसत होता.

दिग्ना ओरडली नाही. खुर्ची ओढून बसली. "मी तो एकदाच बघितला, त्या रविवारी. पुन्हा बघितलाच नाही. ठेवलेला आहे म्हटल्यावर कोण बघतं? आता आईचा चेहरा आठवते तर तो ओळखपत्रावरचाच समोर येतो."

ओस्मेलने टोपी काढली. मनातलं सांगायचं असलं की तो टोपी काढतो. "दिग्ना, एक गोष्ट आहे. शिव्या नंतर दे."

गोष्ट अशी होती. बारा वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्याच सोमवारी डिस्क त्याच्याकडे गेली, तेव्हा त्यात 'लिसांद्रा' नावाचं फोल्डर. गुलाबी गाडी, झगे, समुद्र. ओस्मेलला वाटलं, कोलंबियाची नवी मालिका आली आहे, आधी नुसते फोटो आलेत. त्याने ते त्या आठवड्याच्या गाठोड्यात घातलं, 'मालिका' ह्या सदराखाली, आणि शहरभर वाटलं.

"शहरभर?" एवेलिओचा आवाज चिरकला.

"पार पाल्मिरा गावापर्यंत. पुढच्या सोमवारी चार घरांनी दुसरा भाग मागितला."

दिग्ना उठली. "मग कोणाकडे तरी असतील!"

"असू देत!" एवेलिओ म्हणाला. "घरोघर काय भीक मागत फिरायचं? आपली इज्जत आहे."

"तुझी इज्जत सी ड्राइव्हवर होती का डीवर?" दिग्नाने विचारलं, आणि घरांची यादी करायला मला कागद घ्यायला सांगितलं.

आमच्याकडे कोणी काही पुसत नाही, टाकत नाही. वर्तमानपत्र, बाटली, नवरा, काहीही असो. उद्या उपयोगी पडेल. शनिवारी सकाळपर्यंत नऊ घरांतून पेन ड्राइव्ह आले. लिसांद्राने पाठवलेल्या जुन्या लॅपटॉपवर मी एकेक उतरवत होतो आणि माणसं उभ्या उभ्या अभिप्राय देत होती.

"हिरव्या झग्यात पोरगी काय दिसते!" पाववाली मार्सेलिना म्हणाली. "आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे ही. निळ्या टायवाला खलनायक ना?"

"तो माझा भाऊ," दिग्ना म्हणाली.

"हो का? आम्ही त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं."

मी हिशेब मांडला. नऊ घरं. पहिल्या घरातून तीनशे अकरा फोटो. दुसऱ्यातून तीनशे अकरा. नवव्यातूनही तीनशे अकरा. भांडारात नऊ गाड्यांत प्रत्येकी एकच पोतं कमी भरलं तर मी वजनकाटा तपासत नसे, माणसं तपासत असे. नऊही ठिकाणी दोनशे तेरा होता, दोनशे पंधरा होता.

इथे मला एक कबुली देणं भाग आहे. त्या नऊ घरांत पहिलं घर माझं होतं. माझ्याकडे तो फोटो होता, आहे. देताना मी तो वगळला होता. कोम्पाद्रेची पँट त्याच्या बायकोच्या हातात कशी द्यायची? मला वाटलं, बाकीच्या आठांपैकी कोणीतरी देईलच, आपण तेवढे सभ्य राहू. गल्लीत सभ्य माणसं आठ जास्त निघाली.

आणि ह्याच सभ्य लोकांनी बारा वर्षं त्याचं नाव काय ठेवलं होतं? रोज दुपारी एवेलिओ डोमिनोच्या टेबलाकडे येताना दिसला की कोणीतरी सोंगटी आपटत म्हणायचं, "दोनशे चौदा!" त्याला वाटायचं, खेळातली बोली आहे. निदान आम्हाला तरी असं वाटायचं की त्याला तसं वाटतं.

"दोनशे चौदा कुणाकडेच नाही?" दिग्नाने विचारलं. मी छताकडे बघितलं.

"नसेल मुळातच," ती म्हणाली. "उद्या फोन येईल. तिला सांगते, आजी हसायची नाही. पाळण्यावर ओळखपत्रावरचा लावू." तिने लॅपटॉप मिटला, वर फडकं टाकलं आणि तांदूळ निवडायला घेतले.

एवेलिओ दारात उभा होता. पायांतल्या चपला काढून त्याने बूट घातले. बूट तो फक्त लग्नाला आणि मयताला घालतो. कमरेचा पट्टा एक भोक आत घेतला आणि बाहेर पडला. मी मागे गेलो.

दुपारचे तीन. आंब्याखालच्या टेबलावर चौघे खेळत होते, सहा-सात जण उभे. त्याला बघून म्हातारा फिदेन्सिओ सवयीने म्हणाला, "दोनशे चौदा!"

"तोच पाहिजे," एवेलिओ म्हणाला. "कोणाकडे आहे?"

सोंगट्या हवेतच राहिल्या. फिदेन्सिओला खोकला आला. खोकला येण्याचं त्याचं वय आहे, पण वेळ नव्हती.

"कसला रे दोनशे चौदा?" एकाने विचारून बघितलं.

"बारा वर्षं ऐकतोय. मला काय डोमिनो येत नाही? माझ्याकडचा मीच पुसला. त्या पहिल्याच मंगळवारी डिस्क परत आली तेव्हा, तिन्ही ठिकाणचा. वाटलं, संपलं. बुधवारी इथे आलो तर तुम्ही नंबर पुकारलात." त्याने घाम पुसला. "तिला तिची आई पाहिजे. काढा."

आधी फिदेन्सिओचा हात खिशात गेला. मग दुसऱ्याचा. कोणी मोबाइल काढला, कोणी किल्ल्यांना लावलेला पेन ड्राइव्ह. फिदेन्सिओने तर पाकिटातून छापलेला फोटोच काढला, कडा झिजलेला. मी मोजलं. टेबलाभोवती अकरा माणसं, अकरा प्रती. माझी धरून बारा.

"पाकिटात?" एवेलिओने विचारलं.

"बायको गेली तेव्हापासून," फिदेन्सिओ म्हणाला. "वाईट दिवस आला की बघतो. राग मानू नकोस."

एवेलिओने तो फोटो हातात घेऊन बराच वेळ बघितला. "म्हातारी माझ्याकडे बघतेय," तो म्हणाला. "थेट." मग फोटो परत देत सगळ्यांना म्हणाला, "पुसू नका कोणी. मी जपलं की काय होतं ते बघितलंत."

घरी लॅपटॉपवर फोटो उघडला. दिग्नाने तोंडावर हात ठेवला, आणि मग तीही हसायला लागली. दात सोडले तर अगदी आईसारखी. एवेलिओने मला बाजूला घेतलं. "पाठवण्याआधी मला काप. म्हातारी ठेव, मी नको."

मी कापून बघितलं. पंखा रिकाम्या हवेकडे रोखून एक म्हातारी एकटीच खदखदतेय. बाळाच्या पाळण्यावर लावण्यासारखं दृश्य नव्हतं ते. एवेलिओनेही बघितलं. "घाल परत," तो म्हणाला. "पत्र्यासकट."

रविवारी लिसांद्राचा फोन आला. बराच वेळ पलीकडून नुसतं हसणं ऐकू येत होतं, मध्ये बाळाचं रडणं. मग ती म्हणाली, "पप्पा, तुझी पँट!"

"माझी नाही," एवेलिओ ताठ उभा राहून म्हणाला. "तुझ्या धर्मबापाची. मापाची पँट उसनी द्यायलासुद्धा ज्याला जमत नाही, तो आयुष्यभर पोती मोजत होता."