अकरा सेकंदांची नोंद

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मोबाइल कंपनीच्या कचेरीत, मागच्या खोलीत, झेरॉक्सचं यंत्र आणि पाण्याचं पिंप यांच्या मधे बसतो. दुकानात काउंटरवर तुम्ही जे चकचकीत पडदे पाहता, ते मला ओळखतसुद्धा नाहीत आणि तीच तर सगळी रड आहे. उद्या, शुक्रवारी, मला पुसून भंगारात देणार आहेत, म्हणून भराभर सांगतो.

एके काळी माझा काय रुबाब होता! कोणता नंबर कोणाचा, कधी चालला, कधी बंद पडला, सगळं माझ्या पोटात. "याला विचारा, हा चुकायचा नाही," असं साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मग काउंटरसाठी नवी यंत्रणा आली. तिला माझ्याशी जोडायचं मात्र कोणी मनावर घेतलं नाही. तिकडे झालेला बदल इकडे हाताने टाइप करायचा, असं ठरलं आणि ते काम चष्मेवाल्या ताईंच्या गळ्यात पडलं. ताई स्वभावाने चांगल्या, पण रोजचे दोनशे कागद आणि हात दोनच. एखादा कागद राहून जायचा.

असाच एका सुताराचा कागद राहिला. त्याने खराब झालेलं सिमकार्ड बदलून घेतलं होतं, पण मला कोणी सांगितलंच नाही. मी फोनांची नोंद ठेवतो ती कार्डावरून, म्हणून मी आपला जुन्या कार्डाकडेच बघत बसलो. ते नव्वद दिवस गप्प राहिलं तेव्हा नियमाप्रमाणे मी लिहिलं, नंबर वापरात नाही, बंद करा. त्याचा चांगला चालता फोन बंद पडला. मी नियमानेच वागलो हो, पण झालं ते माझ्याच हातून.

सुतार धावत आला. शर्टावर लाकडाचा भुसा तसाच होता.

"काका, दुसरा नंबर लगेच देते," ताई म्हणाल्या.

"दुसरा घेऊन काय करू? मुलगी घर सोडून गेली, त्याला सहा वर्षं झाली. मीच वाट्टेल ते बोललो होतो. तिची आई गेली त्या तारखेला ती दरवर्षी फोन करते. तिचा नंबर दिसत नाही, लपवलेला असतो. बोलतही नाही काही, मीच बोलत राहतो. तिला हा एकच नंबर पाठ आहे, ताई. तारीख महिन्याभरावर आलीये."

ताईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि तक्रार लिहून घेतली.

आता आमच्या कचेरीची रीत ऐका. तक्रार चोवीस तासांत मिटली नाही, तर साहेबांच्या फलकावर लाल दिवा लागतो. म्हणून तेविसावा तास संपत आला की 'निकाली' हे बटण दाबायचं आणि माणसाला म्हणायचं, नवी तक्रार करा. त्यामुळे आमच्याकडे तक्रारी कधी म्हाताऱ्या होतच नाहीत, रोज तान्ह्याच. सुताराने आठ तक्रारी केल्या. त्यांचे आकडे त्याने प्लायवुडच्या तुकड्यावर पेन्सिलीने एकाखाली एक लिहिले होते. आठही एकत्र फक्त त्या तुकड्यावरच दिसत. फलक मात्र हिरवागार होता आणि साहेबांना त्याबद्दल बक्षीस मिळालं.

बंद नंबर तीस दिवसांनी दुसऱ्याला देतात. तिसाव्या दिवशी तो एका शिकवणीच्या मास्तरांना गेला. या वेळी कागद राहिला नाही, त्यांचं नवं कार्ड मला लगेच कळलं. नंतर चौथ्याच दिवशी, संध्याकाळी सहाला, त्या नंबरावर एक फोन आला. फोन करणाऱ्याने नंबर लपवला होता. तो समोरच्यापासून लपतो, माझ्यापासून नाही. मी वेळ लिहिली, नंबर लिहिला, अवधी लिहिला. अकरा सेकंद.

मला आवाज ऐकू येत नाहीत. पण एका परक्या माणसाने "कोण पाहिजे?" विचारलं असणार. बिचारीने काय समजायचं? बाप गेला, असंच ना!

काल सुतार पुन्हा आला. दाढी वाढलेली, तुकडा काखेत. "तारीख परवा होती, ताई. आला असेल का हो तिचा फोन?"

"काका, आम्हाला इथून ते दिसत नाही," ताई म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. त्यांच्या पडद्यावर दिसतच नाही. माझ्यात दिसतं, पण माझी नोंदवही उघडायला त्यांना कोणी शिकवलंच नाही.  मग त्याने खिशातून पेन्सिल काढून नववा आकडा लिहून घेतला. आकडा दोनदा खोडावा लागला.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी अशा मागच्या खोलीत कामाला येईल. तेव्हा आमची यंत्रं एकमेकांशी जोडून द्या. एका माणसाच्या साऱ्या तक्रारी एकत्र बघा. दिवा हिरवा आहे का हे विचारण्याआधी त्याचं काम झालं का, ते विचारा. जुन्याला पुसायचंच असेल तर पुसा, पण आधी त्याच्या पोटात कोणाचं काय अडकलंय, ते तरी पाहा.

नवव्या तक्रारीचा तेविसावा तास संपत आलाय. ताईंचं बोट 'निकाली'वर आहे. ताई, थांबा! इकडे वळा. माझी नोंदवही उघडा, काकांच्या नंबराचं पान काढा, फक्त सात ओळी खाली या. तिथे एक नंबर आहे. तो लावा आणि त्या पोरीला एवढंच सांगा, तुझे बाबा जिवंत आहेत. ताई, अजून चार मिनिटं आहेत.