तिसरा पडदा

ताडकळसच्या बाहेर मैदानात लग्न होतं, मुहूर्त बारा पस्तीसचा. महारुद्र सकाळी सातपासून एलईडी भिंतीच्या मागे बसून होता. चार वर्षांत त्याने तीनशेच्या वर लग्नं उरकली होती, स्वतःचं सोडून. त्यातलं एकही समोरून पाहिलं नव्हतं. भिंतीच्या पुढे फुलं, सनई, माणसं. मागे वायरींचा गुंता, पंख्यांची घरघर आणि पॅनेलांची धग. लॅपटॉपच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचं आगपेटीएवढं चित्र असायचं, तेवढंच लग्न त्याच्या वाट्याला.

आज दोन पडदे होते. स्टेजमागच्या भिंतीवर गुलाबी कमळं आणि नवरा-नवरीची नावं, जेवणाच्या मंडपात कॅमेऱ्याचं चित्र. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आउटपुटला नाव द्यावं लागतं. त्याने ‘मांडव’ आणि ‘पंगत’ अशी दिली होती. मग दोन्हींवर चाचणीचं चित्र टाकलं. करड्या चौकटींची जाळी, मधोमध त्या आउटपुटचं नाव. कडा जुळल्या तशी जाळी काढून टाकली. मालक दत्तरावांचा नियम एकच होता: पडदे जुळले की मुहूर्तापर्यंत नवी वायर खुपसायची नाही. नवी वायर दिसली की लॅपटॉप कधीकधी पडद्यांचे नंबर आपल्या मनाने बदलतो आणि एकाचं चित्र दुसऱ्यावर जातं.

बारा वाजून आठ मिनिटांनी एक बाई कनात उचलून आत आली. पन्नाशीची, नवं लुगडं, कपाळ मोकळं. मुठीत अक्षता.

“इथून दिसतंय का रे दादा काही?”

“मावशी, हिकडं नुसत्या वायरी हायत. तिकडं पुढं बसा की.”

“पुढं न्हाई. मी नवरीची आई.”

महारुद्रने हातातला माउस सोडला. नवरीचं नाव पंकजा, हे त्याला कमळांखाली लिहिलेल्या अक्षरांवरून माहीत होतं. तिचे वडील नाहीत, आईचं नाव मनकर्णाबाई आणि कन्यादान चुलते दिनकरराव करणार, हे पत्रिकेत होतं.

“कुणी काही म्हणलं का तुम्हाला?”

“कुणी म्हणायच्या आधीच उठले मी,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “म्हणल्यावर उठण्यापरीस ते बरं.”

त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्या वाकल्या, डोळे बारीक केले. “कोन कोन हाय ते कळंना झालंय. मोतीबिंदू काढायचाय अजून.”

पेटीत एक जुना मॉनिटर पडून होता. महारुद्रने घड्याळ पाहिलं, मग पेटी पाहिली. त्याची आई, बाप, भाऊ दसऱ्यापासून ऊसतोडीला गेले होते. पालमच्या घराला कुलूप होतं आणि तो दत्तरावांच्या गोदामात झोपत होता. शेवटचं नीट बोलणं कुणाशी झालं, ते त्याला आठवत नव्हतं. त्याने मॉनिटर काढला, खुर्चीवर ठेवला आणि वायर जोडली. सॉफ्टवेअरने तिसऱ्या आउटपुटचं नाव विचारलं. फार विचार न करता त्याने टाइप केलं: ‘आई’. जाळी टाकली.

“दिसायलंय का, मावशी?”

“इथं तर नुसती कमळंच हायत.”

कमळं इथं असतील तर जाळी कुठं? आगपेटीएवढ्या चित्रात त्याला ते दिसलं. मांडवात फोटोसाठी उभ्या असलेल्या नवरीच्या डोक्यावर, माणसाच्या उंचीच्या अक्षरांत, ‘आई’. सनईवाला थांबला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमातलंच असेल असं वाटलं असणार.

नंबर अदलाबदल करायला त्याला अकरा सेकंद लागले. कमळं भिंतीवर परत गेली, कॅमेऱ्याचं चित्र मॉनिटरवर आलं.

मनकर्णाबाई पुढे सरकल्या. चित्रात पंकजाची पाठ होती. वेणीवर अबोलीचा गजरा, पाठमोरी, हलत नव्हती.

“अशी पाठ फिरवून काय उभारली ही?”

“तुमच्याकडं बघायलीय, मावशी,” महारुद्र म्हणाला. “ह्या भिंतीकडंच तोंड हाय तिचं.”

मनकर्णाबाईंनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. तिथं लोखंडी चौकटी होत्या आणि लुकलुकणारे हिरवे दिवे.

फोन वाजला. दत्तराव.

“रुद्रा, वायर खुपसलीस न्हवं? दिनकररावानं फोन करून इचारलं, आमच्या पडद्यावर आई कुणी घातली म्हणून. काय सांगू त्यांला?”

“माझी चूक म्हणून सांगा.”

“चूक तर हायच. पुढच्या लग्नाला पंगतीचाच पडदा सांभाळ तू.” फोन बंद झाला.

कनात पुन्हा उचलली गेली. दिनकररावांची मुलगी नीलम धापा टाकत आली. “काकू! सगळा मांडव हुडकला. चला, ताई बोलवायलीय.”

“मी इथं बरी हाय. दिसायलंय मला.”

“एवढं मोठं ‘आई’ आलं न् पंकाताई हटूनच बसली. आई आल्याबिगर अंतरपाट धरायचा न्हाई म्हणली.”

“अन् भाऊजी?”

“बाबा गप हायत. आता तुमी बी गप चला.”

मनकर्णाबाईंनी महारुद्रकडे पाहिलं. तो वायरीला टेप लावत होता. त्यांनी पदर सावरला. मुठीतल्या अक्षतांतल्या थोड्या खुर्चीच्या कडेला ठेवल्या. “तुला टाकायला,” म्हणाल्या आणि गेल्या.

बारा पस्तीसला मंगलाष्टकं सुरू झाली. मॉनिटर तसाच चालू होता. त्यात डाव्या कडेला, फुलांच्या खांबाशी, मनकर्णाबाई उभ्या होत्या. स्टेजवर नव्हत्या, पायरीवर होत्या. पंकजाचं तोंड आता कॅमेऱ्याकडे होतं, डोळे खांबाकडे. ज्यांच्यासाठी पडदा जोडला होता त्या पडद्यात होत्या. बघायला महारुद्र एकटा.

‘सावधान’ झालं तेव्हा त्याने अक्षता उचलल्या. कुठं टाकाव्यात कळेना. शेवटी मॉनिटरवर टाकल्या. काचेवरून घरंगळून त्या समोरच्या लॅपटॉपच्या कीबोर्डात गेल्या.

चार दिवसांनी पालमच्या लग्नात त्याने तीच फाइल उघडली. ‘मांडव’ दुसऱ्याने जोडला, ‘पंगत’ त्याने. तिसऱ्या ओळीत लाल खूण आली: ‘आई’, पडदा सापडला नाही. काढून टाकायचा का, असं खाली विचारलं होतं.

महारुद्रने ‘नाही’ दाबलं. लॅपटॉप उपडा करून हलवला. तांदळाचा एक दाणा पडला.